बाहेरच्या कप्प्यातला साबण

सकाळचे पावणेआठ. इंदूरच्या लवकुश चौराह्यावर बस अडकलेली. सांवेर रोड सहा पदरी होतो आहे, २०२८ च्या सिंहस्थाआधी उरकायचा आहे, तोवर आपण धूळ खायची. मागे औद्योगिक वसाहतीचे सेक्टर राहिले, ए पासून एफ पर्यंत: गोळ्या-औषधं, शेव-नमकीन, प्लास्टिक, पत्रा. पुढे अरबिंदो रुग्णालयाच्या इमारती, मग रेवती रेंज, मग शेतं. बसमध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची अडतीस मुलं. प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. कुणी जर्मन क्रियापदं घोकतंय, कुणी परदेशी नोकरीसाठीच्या ओईटी या इंग्रजी परीक्षेचे नमुने ऐकतंय. चाललोय धरमपुरीच्या बाजूला, कम्युनिटी पोस्टिंगला. कानांनी ही पोरं स्टुटगार्टला पोचलीत, बाकीचं अंग अजून चौराह्यावर.

ही वही बसमध्येच लिहिते, म्हणून अक्षर असं.

*

कम्युनिटी बॅगेची रीत आजवर किती बॅचना शिकवली, मोजलेलं नाही. घरात गेल्यावर स्वच्छ जागा बघायची. वर्तमानपत्र अंथरायचं. त्यावर पिशवी ठेवायची, पण उघडायची नाही. साबण आणि टॉवेल बाहेरच्या कप्प्यात असतात. ते काढून आधी हात धुवायचे, मगच पिशवीच्या आत हात घालायचा. लागेल तेवढंच बाहेर काढायचं, पिशवी पुन्हा बंद. निघताना परत हात धुवायचे आणि वर्तमानपत्राची मळकी बाजू आत घेऊन घडी घालायची.

मुलं विचारतात, मॅम, सॅनिटायझर आहे ना, मग साबण कशाला?

आज एका मुलीला म्हटलं, तू सॅनिटायझर लाव आणि तुझ्या जोडीदारिणीला पाणी मागू दे. दोघी दोन घरांत गेल्या. सॅनिटायझरवाली दहा मिनिटांत फॉर्म भरून परतली. दुसरीला पाऊण तास लागला. तिनं पाणी मागितलं तेव्हा सासूनं सुनेला हाक मारली. सून सात महिन्यांची गरोदर, कळशी उचलून आली. पाणी कुठून आणता, तर शेताच्या कडेच्या बोअरचं. दिवसात किती खेपा, तर सात-आठ. पायावर सूज होती, ती हात धुताना खाली बघितल्यावर दिसली. फॉर्ममध्ये पाण्याचा स्रोत विचारणारा रकाना आहे, कोण वाहतं ते विचारणारा नाही.

रक्तदाब घेतला, तो जास्त निघाला. गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, आशा दीदीला बोलावून सांवेरच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची सोय केली. मग सॅनिटायझरवाली गप्प.

*

गावात आम्हाला सगळे ‘सुईवाली मॅडम’ म्हणतात. एम.एस्सी. असो की पीएच.डी.

*

नर्सिंगच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एक ओळ आहे: १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत ही प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका. परीक्षेत एक गुणाला येते. नावावरून आपल्यातली वाटते. दरवर्षी फळ्यावर ते नाव लिहिताना वाटतं, हिला घरून निघताना कोण काय बोललं असेल?

कारण माझ्या आत्याला काय बोलले ते मला ठाऊक आहे. साठच्या दशकातली गोष्ट. राजवाड्याजवळ जुन्या वाड्यात आमचं बिऱ्हाड. आत्यानं जेवताना सांगितलं की तिला एम.वाय. रुग्णालयात नर्सिंगला नाव घालायचं आहे. आजी म्हणाली, परक्याची भांडी घासायला लाज वाटते आणि परक्याची घाण उपसायला वाटत नाही का? आजोबा काहीच बोलले नाहीत. आत्या पुढे बँकेत लागली. म्हातारपणी आजी चौदा महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं आत्यानंच केलं. विनापगारी, विना प्रशिक्षण. पाठीला जखमा झाल्या, कारण कूस कधी आणि कशी बदलायची ते आत्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं आणि ससूनमध्ये मुलींना नर्सिंगसाठी पाठवायला लागल्या. सेवासदनाच्या शिवणवर्गाचं कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. माझ्या मते नर्सिंगचा वर्ग त्याहून धाडसाचा होता. शिवण घरात बसून करता येतं. इथे रात्रपाळी आली, परका पुरुष आला, त्याचं मलमूत्र आलं. हे ज्या घरांनी सोसलं त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

*

भोर समितीनं १९४६ मध्ये मोजलं तेव्हा देशात सुमारे सात हजार नर्स होत्या. ४३ हजार माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिल्यांदा भरती झालेल्या त्या मुलींना कुणीतरी विचारलं असेलच की नर्सला पदवी कशाला. मला अजून विचारतात. रिक्षावाल्यापासून शल्यविशारदापर्यंत.

*

आज एम.एस्सी.च्या मुलांचे प्रबंधाचे विषय मंजूर करायचे होते. नऊ विषय आले. त्यातले सात असे: निवडक अमुक ठिकाणच्या तमुक लोकांमध्ये ढमुकविषयीच्या ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास, इंदूर. ठिकाण बदलतं, रोग बदलतो, साचा तोच. आधी प्रश्नावली द्यायची, मग पाऊण तास शिकवायचं, आठवड्यानं तीच प्रश्नावली परत द्यायची. गुण वाढलेले निघतात. न वाढून सांगतात कुणाला? शिकवलंय तेच विचारलंय!

या संरचित अध्यापन कार्यक्रमाला आमच्यात एसटीपी म्हणतात. इंदुरात एसटीपी म्हणजे कबीटखेडीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. दोन्ही ठिकाणी आत गेलेलं बाहेर येताना बरं दिसतं. पण कबीटखेडीला निदान बाहेर आलेलं पाणी पुन्हा तपासतात. आमच्याकडे सहा महिन्यांनी त्या बाईनं खरंच बाळाला अंगावर पाजलं का, हे बघायला कोणी जात नाही. तोवर प्रबंधाची बांधणी होऊन तो कपाटात गेलेला असतो, पाठीवर सोनेरी अक्षरं.

मी स्वतः असाच एक केलाय. रंग मरून.

*

असल्या प्रबंधांच्या अगदी उलटं उदाहरण वर्गात सांगते. हल्ली जरा जास्तच सांगते, मुलं कंटाळतात.

१९७२. तेव्हाच्या ऱ्होडेशियातलं सॅलिसबरी, आजच्या झिम्बाब्वेचं हरारे. डॉक्टर थोडे, बाळंतिणी पुष्कळ. शहराभोवतीच्या दवाखान्यांत सुइणींच्या हाती बाळंतपणं. अडलेली बाई मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायची हे त्यांना ठरवता येईना. लवकर पाठवलं तर रुग्णालय तुंबे, उशिरा पाठवलं तर बाई जाई. फिलपॉट आणि कॅसल या दोघांनी एका कागदावर आलेख आखला. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते तासागणिक मांडायचं. एक तिरकी रेघ सावध करणारी, तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी, हालचाल करा म्हणणारी. पार्टोग्राफ तो हाच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात ३५,४८४ बाळंतपणांवर तो तपासला. रेंगाळलेल्या कळांचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ वर आलं. तो निबंध १९९४ चा.

आंतरराष्ट्रीय आरोग्य म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे जिनिव्हा येतं, निळा झेंडा येतो. मला तो कागद आठवतो. रात्री तीन वाजता एकट्या सुइणीला कुणाला न विचारता निर्णय घेता यावा, एवढ्यासाठी तो केला होता. आणि चुकलेलं कबूल करण्याचीही रीत त्यात आली. प्रत्येक बाईच्या गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडतंच असं नाही, हे पुढे दिसलं. २०२० मध्ये संघटनेनं नवा तक्ता काढला. कळांचा जोराचा टप्पा चारऐवजी पाच सेंटिमीटरला धरला आणि त्या दोन्ही तिरक्या रेघा काढून टाकल्या. सोबत कोण आहे, तिला पाणी पाजलं का, हेही रकाने त्यात आले.

आमच्या भागातल्या एका प्रसूतिकक्षात गेल्या महिन्यात पार्टोग्राफ बघितले. सगळे सुंदर भरलेले. बाळंतपण झाल्यानंतर भरलेले. एकाच शाईत, एका बैठकीत.

*

मातामृत्यू, दर लाख जिवंत जन्मांमागे, २०१८ ते २०२० चे आकडे: केरळ १९, महाराष्ट्र ३३, देश ९७, मध्य प्रदेश १७३.

महाराष्ट्रातले पाहुणे आले की सराफ्यात खाऊन इंदूरच्या स्वच्छतेचं कौतुक करतात. खरं आहे, करावंच. मी तेव्हा १७३ सांगत नाही. पाहुण्यांचं तोंड कडू कशाला करा.

*

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं परदेशांतून नर्स घेण्याबद्दल एक नियमावली केली होती. भारतातून भरती करायला हरकत नाही, पण चार राज्यं वगळून: आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा, पश्चिम बंगाल. कारण या चार राज्यांना ब्रिटनची विकासमदत मिळत होती. एका हातानं तिथल्या आरोग्यासाठी पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं तिथल्याच नर्स उचलायच्या, हे बरं दिसत नाही, असा हिशेब.

हिशेब सभ्य होता. पण वर्गात सांगितल्यावर एक मुलगा उसळून म्हणाला, म्हणजे मदत सरकारला आणि शिक्षा मला? केरळची मुलगी जाणार, मी सेंधव्याचा म्हणून नाही? एजंटाला बंदी होती, स्वतःहून अर्ज करायला नव्हती, हे मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही अर्धंच झालं. ब्रिटननं भारताला रोख अनुदान देणं २०१५ मध्ये थांबवलं. मदत गेली. १७३ हा आकडा त्यानंतरचा आहे.

आता जर्मनी आलं आहे. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. सांवेर रोडवर त्याची झुळूक लागायला वेळ लागला नाही. जर्मन शिकवणीच्या जाहिराती चहाच्या टपरीवर चिकटल्यात.

जाऊ नका असं मी कुणाला म्हणत नाही. पंधरा हजारांवर बारा तास राबणाऱ्या मुलीला देशसेवा शिकवायचं तोंड मला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्स आहेत, ५८ लाखांची तूट आहे, आणि दर सात नर्समागे एक परदेशात जन्मलेली आहे. कुणीतरी जाणारच. फक्त मुलगी जाताना तिला नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची सवय असावी, एवढं माझ्या हातात आहे.

*

२०२४. आमच्या मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिली होती. तपासलेल्या ३०८ पैकी १६९ योग्य निघाली. उरलेल्यांत कुठे त्रुटी, कुठे काहीच नाही. पुढे तपास करणारेच काही जण लाच घेताना पकडले गेले आणि योग्य ठरलेल्यांचीही फेरतपासणी करावी लागली. या सगळ्यात मुलांच्या परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आणि चौथ्या वर्षी पहिल्याच वर्षाची परीक्षा झालेली नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत. एकीचं त्या मुदतीत लग्न झालं, मूल झालं, मूल चालायला लागलं.

लोक म्हणतात घोटाळा कागदोपत्री होता. नर्सिंगमध्ये कागदोपत्री असं काही नसतं. खाट नसलेल्या रुग्णालयात ‘क्लिनिकल’ केलेली मुलगी पुढे कुणाच्या तरी शिरेत सुई घालणार असते.

*

जामखेड. कुठल्याही देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या माणसाला हे नाव सांगावं, डोळे चमकतात. इंदुरात सांगितलं तर विचारतात, कुठे आलं? मग सांगते, अहिल्याबाईंचं चौंडी ज्या तालुक्यात आहे तो तालुका. मग मान हलते. इंदूरकराला अहिल्याबाईंचं माहेर तोंडपाठ असतं, फक्त तालुका नसतो.

रजनीकांत आणि मेबेल आरोळे जॉन्स हॉपकिन्सला शिकून आले आणि १९७० मध्ये तिथे बसले. १९७१ मध्ये त्या भागात हजारी १७६ बालमृत्यू होते. आमच्या पेशाला टोचणारी गोष्ट पुढची आहे. गावात काम करायला त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सच योजल्या होत्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली एकटी मुलगी गावात राहायला घाबरे, आणि गावालाही ती आपली वाटेना. तेव्हा गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. त्यांना आठवड्याला बोलावून शिकवायचं, एकत्र झोपायचं, गेल्या आठवड्यात काय झालं ते एकमेकींना सांगायचं. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ म्हटलं गेलं, त्यामागे ज्या थोड्या कामांचा दाखला होता त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. पुढे परदेशातून लोक तिथे शिकायला येऊ लागले, आणि शिकवायला या बायाच उभ्या राहू लागल्या.

गडचिरोलीत बंग दांपत्यानंही गावच्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि आज आशा दीदी बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते ती त्याच वाटेनं.

मी हे शिकवते तेव्हा एक हुशार मुलगी दरवर्षी विचारते: मॅम, मग चार वर्षं शिकलेल्या आपण कशाला? प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं, की त्या बायांना दर आठवड्याला कुणीतरी शिकवलं, त्यांच्या चुका ऐकून घेतल्या, अडलेली केस पुढे पाठवायला जागा ठेवली. ते काम आपलं. पण ते करायला वॉर्डातला आणि गावातला हात चालता हवा.

इथे माझी गाडी अडते.

*

कबुली. गेल्या बुधवारी मुलांना घेऊन एका रुग्णालयाच्या महिला वॉर्डात होते. एका आजींना सलाइन लावायचं होतं, मुलीला शीर सापडेना. मी म्हटलं, बाजूला सर, बघ. पहिल्यांदा शीर फुटली. दुसऱ्यांदा सुई बाजूनं गेली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. वॉर्डातली मल्याळी सिस्टर आली, आजींचा हात आपल्या मांडीवर घेतला, चोळून ऊब दिली, आणि एका फटक्यात लावून मोकळी झाली. मला हळूच म्हणाली, “मॅडम, आप तो अब पेपर लिखते हो ना.” टोमणा नव्हता. खरंच कौतुकानं म्हणाली. तेच जास्त लागलं.

हिशेब केला. अकरा वर्षं झाली मी स्वतः शीर धरून. याच अकरा वर्षांत मला दोन बढत्या मिळाल्या. ट्यूटर होते तेव्हा निम्मा दिवस वॉर्डात असे. व्याख्याती झाल्यावर आठवड्याचे दोन दिवस. आता सहयोगी प्राध्यापक, तर वॉर्डात जाते ती हजेरी तपासायला. वर चढायची शिडी रुग्णाच्या खाटेला टेकलेलीच नाही. शल्यविशारद प्राध्यापक झाला म्हणून त्याच्या हातातली सुरी कुणी काढून घेत नाही, उलट अवघड केस त्याच्याकडे येते. आमच्यात मात्र मोठी झाली म्हणजे बाई टेबलामागे गेली.

*

मागे परदेशातून एक पथक आलं होतं. कॉलेज रंगवून घेतलं, पोस्टर लावली, मॅनिकिनांना नवे कपडे घातले. त्यातली एक साठीची बाई पोस्टरकडे बघेचना. प्रसूतिकक्षात स्टूल मागून घेतलं आणि चार तास भिंतीला टेकून बसली. चहा आणला तर हातानं नको म्हणाली. आम्ही घाबरलो, काय लिहून घेते आहे? काहीच लिहीत नव्हती. एका बाईच्या कंबरेला मध्येच उठून हात लावून आली. निघताना एकच विचारलं: रात्री इथे किती जणी असतात? आम्ही सांगितलं, एक. ती मान हलवून गेली. नंतर कळलं, ती स्वतः तीस वर्षं सुईण होती.

अहवालात काय आलं ते मी वाचलेलं नाही. रात्री अजून एकच असते.

*

अंजली कुलथे, मुंबईच्या कामा रुग्णालयातली परिचारिका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी इमारतीत शिरले तेव्हा तिनं वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना आत घेऊन दारं लावली, दिवे मालवले. पुढे पकडलेल्या अतिरेक्याला, कसाबला, ओळखलं. डिसेंबर २०२२ मध्ये तिनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हे सांगितलं. मुलं विचारतात, आंतरराष्ट्रीय पातळीवर पोचायला कोणता कोर्स करावा. मी हे नाव लिहून देते. कोर्स नाही, रात्रपाळी.

*

२०२० चा एप्रिल आठवतो. इंदूर देशातल्या मोठ्या कोविड शहरांत, आणि याच रस्त्यावरचं अरबिंदो रुग्णांनी भरलेलं. आमच्या जुन्या मुली तिथे आणि शहरभर ड्युटीवर होत्या. एकीचा फोन आला, मॅम, तुम्ही हात धुण्याच्या सात पायऱ्यांवर दोन तास घेतले होते तेव्हा आम्ही हसलो होतो. मग रडली. मी घरात बसून ऑनलाइन शिकवत होते.

*

प्राचार्यांकडे अर्ज दिला: आठवड्यातून एक सकाळ मला जोडलेल्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात स्टाफ नर्सची ड्युटी लावावी, मुलांशिवाय, सिस्टर इन्चार्जच्या हाताखाली. तीन आठवड्यांनी शेरा आला: “असोसिएट प्रोफेसर पदास अशी तरतूद नाही. चर्चा करू.”

चर्चा होईल तेव्हा होईल. सिस्टरशी माझं बोलणं झालं आहे. सोमवारी सातला जाते. हजेरीपटावर माझी सही नसेल.